मेंडोझाची माल्बेक नीट चाखायची कशी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

"एवढी महागाची बाटली आणली आणि नुसती कडू, वर घशात जळजळ." अर्जेंटिनाच्या माल्बेक या गडद रेड वाइनबद्दल ही तक्रार इतक्यांदा कानावर येते की आता सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. बहुतेक वेळा वाइनमध्ये काही बिघडलेलं नसतं. बाटली कपाटातून काढून तशीच 30 अंशाला ओतलेली असते, ग्लासाला भांड्यांच्या साबणाचा वास असतो, तोंडात आधीच शेव-फरसाण गेलेलं असतं आणि बूच निघाल्या निघाल्या मोठा घोट घेतलेला असतो, मग ती बिचारी वाइन काय करणार. भारी रेड वाइन चाखताना अर्धं काम बाटली उघडायच्या आधीचं असतं आणि नेमकं तेच लोक सोडून देतात.

खालचे टप्पे मेंडोझा या अर्जेंटिनातल्या प्रांताची माल्बेक डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत. चिलीची कार्मेनेर किंवा उरुग्वेची तानात (ही दोन्ही रेड वाइनच्या द्राक्षांची नावं) असेल तरी क्रम हाच, फरक पडतो तिथे सांगितलंय.

टप्पा 1: बाटली निवडताना

लेबलवर फक्त "माल्बेक" वाचून थांबू नका, खाली प्रदेशाचं नाव शोधा. नुसतं "मेंडोझा" असेल तर द्राक्षं प्रांतात कुठूनही आलेली असू शकतात. "लुहान दे कुयो" असेल तर मळे साधारण 850 ते 1100 मीटर उंचीवरचे, वाइन गोलसर, मऊ, पिकलेल्या आलुबुखाऱ्यासारखी. "वाये दे उको" असेल तर अजून वरचे मळे, तिथल्या ग्वालतायारी भागात तर 1500 मीटरच्या आसपास, वाइन जास्त सुगंधी, आंबटपणा जास्त, टॅनिन (तोंड कोरडं करणारा घटक) थोडं ताठ. कारण साधं आहे: वर रात्री खूप गार होतात, दिवस-रात्रीत सहज 15 अंशांचा फरक पडतो, त्यामुळे द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं आणि उंचावरच्या कडक उन्हामुळे साल जाड होते, रंग सालीत असतो आणि टॅनिनही बरंचसं सालीतूनच येतं.

पहिल्यांदाच नीट चाखणार असाल तर लुहान दे कुयोची घ्या. उकोची छान असते, पण ती समजायला थोडी सवय लागते.

"रेसेर्वा" हा शब्द अर्जेंटिनात नियमाने बांधलेला आहे, रेड असेल तर किमान 12 महिने मुरवलेली, "ग्रान रेसेर्वा" असेल तर 24 महिने. चिलीच्या बाटलीवर हाच शब्द दिसला तर तिथे मुरवण्याची इतकी घट्ट अट नाही, त्यामुळे दोन देशांच्या रेसेर्वा शेजारी ठेवून किमतीवरून तुलना करू नका. मागच्या लेबलवर "बारिका" आणि "रोब्ले" हे शब्द दिसले तर वाइन ओकच्या पिंपात राहिलेली आहे, म्हणजे व्हॅनिला, लवंग, कॉफी असे वास अपेक्षित धरा.

अल्कोहोलचा आकडाही बघून ठेवा. मेंडोझात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस, मळे अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर चालतात, कोरड्या हवेत बुरशीची भीती कमी त्यामुळे द्राक्षं झाडावर भरपूर पिकू देता येतात, म्हणून 13.5 ते 14.5 टक्के हे तिथे नेहमीचंच. 15 च्या जवळ असेल तर तापमानाची काळजी दुप्पट घ्यायची.

आणि हो, तिकडे तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. म्हणजे 2022 लिहिलेली वाइन त्याच सालच्या फ्रेंच वाइनपेक्षा साधारण सहा महिन्यांनी मोठी असते.

*इशारा:* बूच बाटलीच्या तोंडातून वर आलेलं दिसलं, कडेला चिकट ओघळ असेल किंवा बाटली दुकानाच्या काचेत उन्हात उभी असेल तर घेऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या दुकानात वाइन अक्षरशः शिजते आणि शिजलेली वाइन कुठल्याही उपायाने परत येत नाही. फिरकीचं झाकण मात्र कमी दर्जाचं लक्षण नाही, त्यावरून बाटली नाकारू नका.

टप्पा 2: खोली आणि तोंड तयार करणं

स्वयंपाकघरात चाखू नका. लसणाची फोडणी, उदबत्ती, रूम फ्रेशनर, अंगावरचा परफ्यूम, यातलं एकही असेल तर वाइनचा वास तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. दिवाणखान्यात बसा, पंखा हळू ठेवा, जोरात फिरणारा पंखा ग्लासातला सुगंध उडवून नेतो.

तोंडाचं म्हणाल तर आधीचा तासभर चहा-कॉफी, बडीशेप, वेलची, पान, च्युइंगम, सिगरेट काही नको. टूथपेस्ट तर नकोच, तिच्यातल्या पुदिन्यामुळे पुढचं सगळं विचित्र लागतं. पोट रिकामं नको पण जड जेवणही नको. साधं पाणी आणि बिनमसाल्याचा पाव किंवा साधी पोळी जवळ ठेवा, मध्येमध्ये तोंड साफ करायला.

आदल्या दिवशी एक छोटा सराव करून बघा, मी हा सगळ्यांना आवर्जून सांगतो कारण यानंतर अर्धा गोंधळ मिटतो. एका कपात बिनदुधाचा, बिनसाखरेचा, पाच-सात मिनिटं उकळलेला कडक चहा, दुसऱ्यात लिंबू पिळलेलं पाणी. चहा थंड करून तोंडात फिरवा: हिरड्या आणि गालाची आतली बाजू आवळल्यासारखी, कोरडी होते, ते टॅनिन. लिंबूपाणी फिरवा: जिभेच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटते, ते आम्ल. आपल्याकडे या दोन्हींना मिळून सरसकट "कडू" किंवा "आंबट" म्हणून मोकळं होतात. कोरडेपणा ही चव नाही, स्पर्श आहे, हे एकदा तोंडाला कळलं की माल्बेक वेगळीच भासते.

टप्पा 3: ग्लास

पोट मोठं, तोंड जरा आत वळलेलं, पातळ काचेचं, देठ असलेलं. फार महागाचं नको. व्हिस्कीच्या सरळ ग्लासात वास जमा होत नाही, तो बाजूला ठेवा.

ग्लास गरम पाण्याने धुवा, साबण लावायचाच झाला तर बिनवासाचा आणि चार-पाच वेळा खळबळून घ्या, मग स्वच्छ सुती कापडाने पुसून उभा ठेवा. पालथा ठेवलेला ग्लास कपाटाचा वास धरून बसतो.

*तपासा:* रिकाम्या ग्लासात नाक घालून वास घ्या. काहीही वास आला, लाकडाचा, साबणाचा, फडक्याचा, तर परत धुवा. दहा सेकंदांचं काम आहे पण कोणी करत नाही.

टप्पा 4: तापमान, जिथे सगळं बिघडतं

"रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ते युरोपातल्या गारठलेल्या घरांना लागू होतं. माल्बेकला 16 ते 18 अंश पाहिजेत. पुण्यात-मुंबईत, नागपुरात तर विचारूच नका, खोली 28 ते 35 अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोल आधी उडून नाकात जातं, फळाचा वास मागे पडतो, घशात जळजळ होते, आणि मग लोक म्हणतात वाइन खराब आहे.

बाहेरच्या लेखांमध्ये "20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा" असं लिहिलेलं असतं, ते 20-22 अंशांच्या खोलीतल्या बाटलीसाठी. आपल्याकडच्या 30 अंशांच्या बाटलीला फ्रीजमध्ये दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत अर्धं बर्फ अर्धं पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडवून 15 ते 20 मिनिटं. नुसत्या बर्फात खोचून ठेवली तर वेळ जास्त लागतो, कारण खड्यांच्या मधल्या हवेमुळे काचेला गारवा नीट भिडत नाही.

फ्रीझर नको. विसरलात तर वाइन गोठून फुगते, बूच वर ढकललं जातं.

*तपासा:* स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर असेल तर ओतलेल्या ग्लासात बुडवून बघा, सगळ्यात खात्रीशीर. नसेल तर बाटली हाताला स्पष्ट गार लागली पाहिजे, पण बोटं बधिर होतील इतकी नाही. मुंबईच्या दमट हवेत 17 अंशांच्या बाटलीवरसुद्धा बाहेरून पाणी जमतं, त्यामुळे बाटलीला घाम आला म्हणजे फार गार झाली असं समजू नका.

उलटी चूकही होते. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली 5-6 अंशांची बाटली सरळ ओतली तर सुगंध बंद पडतो आणि टॅनिन खरखरीत लागतं. अशी बाटली अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. मी स्वतः 15 अंशांना सुरुवात करणं पसंत करतो, कारण आपल्या खोलीत ग्लासातली वाइन बघता बघता दोन-तीन अंशांनी वर जातेच आणि त्या प्रवासात ती कशी बदलते तेही चाखता येतं.

टप्पा 5: उघडणं, दोष तपासणं, हवा देणं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी उघडा, मग दोन चमचेभर ग्लासात ओतून दोष आहे का बघा, मगच डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात, ओता. दोष असलेली अख्खी बाटली आधी डिकँटरमध्ये रिकामी केली तर दुकानदाराला परत काय दाखवणार?

दोषांच्या मुख्य खुणा अशा. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या वर्तमानपत्रांसारखा वास येत असेल आणि फळाचा वास जवळजवळ गायब असेल तर बुचाचा दोष, तो हवेने जात नाही, उलट वाढतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा झणका असेल तर वाइन आंबट होत चाललीय. डागाळलेल्या सफरचंदाचा वास आणि रंग तपकिरी, तर हवा लागून गेलेली. जळलेल्या काडीचा किंवा किंचित सडक्या अंड्याचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही, बंद बाटलीत हवा कमी मिळाल्याने तो येतो आणि ग्लास जोरात फिरवल्यावर बरेचदा दहा-पंधरा मिनिटांत जातो. म्हणून पहिल्या वासावर बाटली बेसिनमध्ये ओतू नका.

कार्मेनेर असेल तर हिरव्या ढोबळी मिरचीचा वास हा दोष नाही, त्या द्राक्षाचा स्वभावच आहे, द्राक्ष कमी पिकलं तर तो जास्त जाणवतो.

आता हवा. बूच काढून बाटली तासभर तशीच उभी ठेवली तर काही होत नाही, मानेतल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागाला किती हवा लागणार? ओतावीच लागते. डिकँटर नसेल तर स्वच्छ, बिनवासाचा काचेचा जग चालतो. दोन-चार वर्षांच्या माल्बेकला अर्धा तास पुरतो, उकोच्या ताठ वाइनला तासभर, उरुग्वेच्या तानातला त्याहून जास्त द्या, तिचं टॅनिन फार जोरकस असतं. दहा-बारा वर्षांची जुनी बाटली असेल तर उलट करा: आदल्या दिवसापासून उभी ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल, मग मागे मोबाइलचा टॉर्च धरून हळूहळू ओता, मानेपाशी गाळ दिसला की थांबा, आणि लगेच चाखा, जुनी वाइन हवेत फार वेळ टिकत नाही.

*इशारा:* डिकँटरमधली वाइनसुद्धा खोलीत गरम होते. जग थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवा किंवा एसी लावा.

टप्पा 6: बघणं (यावर वेळ घालवू नका)

50-60 मिलीच ओता. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. तरुण माल्बेक मध्यभागी जवळजवळ अपारदर्शक जांभळी आणि कडेला चमकदार गुलबक्षी दिसते, ही कडा तिची ओळख. कडा विटकरी झाली असेल तर वय झालंय, आणि लेबलवर साल ताजं असूनही विटकरी असेल तर साठवणुकीत काहीतरी गडबड.

काचेवरून उतरणाऱ्या धारांवरून दर्जा ठरवू नका. त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे होतात, चांगल्या-वाईटाशी संबंध नाही.

टप्पा 7: वास, दोनदा

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. माल्बेकमधला व्हायोलेट फुलाचा हलका वास इथेच सापडतो, फिरवल्यावर तो पिकल्या फळाखाली दबून जातो. बहुतेक जण थेट ग्लास गरागरा फिरवतात आणि हा भाग गमावतात.

मग ग्लास टेबलावरच ठेवून, देठ धरून छोटे गोल फिरवा. हवेत धरून फिरवायची गरज नाही, शर्टवर सांडते. आता नाक आत घालून दोन-तीन छोटे हुंगे घ्या, एकच लांब श्वास नको. तोंड किंचित उघडं ठेवलं तर जास्त कळतं.

काय शोधायचं? इंग्रजी पुस्तकातली ब्लॅकबेरी आपल्यापैकी कितीजणांनी खाल्लीय? उगाच त्या नावांशी झगडू नका. आधी फक्त एवढंच ठरवा: फळाचा वास ताजा आहे, पिकलेला आहे की सुकवलेला? जांभूळ-करवंदाच्या बाजूला जातो, आलुबुखाऱ्याच्या, की सुक्या अंजीर-मनुकांच्या? मग फळाव्यतिरिक्त काय: फूल, ओलं दगड-मातीसारखं काही, वाळलेली पानं? शेवटी पिंपाचे वास: व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी, कोको. या क्रमाने गेलात तर दहा वास एकदम अंगावर येत नाहीत. माझ्या मते पिंपाचा वास फळाच्या आधी आणि जास्त जोरात येत असेल तर ती वाइन तितकीशी चांगली केलेली नाही, किंमत कितीही असो.

नाक थकलं, काहीच कळेना झालं तर कॉफीच्या बिया वगैरे नको, स्वतःच्या कोपराचा वास घ्या आणि मिनिटभर थांबा.

*तपासा:* वास घेताना नाक चुरचुरतंय? म्हणजे वाइन अजून गरम आहे. टप्पा 4 वर परत जा, पुढे जाऊ नका.

टप्पा 8: घोट

पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला, त्यावर काही मत बनवू नका. तोंडाला अल्कोहोल आणि टॅनिनची सवय व्हायला एक घोट जातोच. खरं चाखणं दुसऱ्या घोटापासून.

दोन चमच्यांएवढी वाइन घ्या, जिभेवर, गालांत, हिरड्यांपर्यंत सगळीकडे फिरवा. जिभेचं टोक गोडासाठी, मागचा भाग कडूसाठी हा नकाशा चुकीचा आहे, सगळ्या चवी सगळीकडे कळतात. ओठ जरासे उघडून थोडी हवा आत ओढा, सुर्र आवाज आला तरी चालेल, वाइनची बाष्पं नाकाच्या मागच्या बाजूने वर जातात आणि तेव्हाच "चव" भरते. आठ-दहा सेकंद धरून मग गिळा किंवा थुंका.

या दरम्यान एकेका गोष्टीकडे लक्ष द्या. गोडवा: माल्बेक बहुतेक वेळा कोरडीच, म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची, असते, पिकलेल्या फळाच्या वासामुळे आणि अल्कोहोलमुळे गोड भासते, नाक चिमटीत धरून परत घोट घ्या आणि बघा गोडवा उरतो का. आम्ल: बाजूंनी लाळ किती सुटली? टॅनिन: कुठे आवळलं आणि कसं? चांगल्या माल्बेकचं टॅनिन भरपूर असूनही मखमली असतं, जिभेच्या मध्यावर पसरतं, तर तानात वरच्या हिरड्या धरून ठेवते. अल्कोहोल: घशात ऊब आली की आग? ऊब ठीक. जडपणा: तोंडात पाण्यासारखी हलकी की दाट? दाट म्हणजे चांगली असं नाही. दाट असूनही आंबटपणाने उचलून धरलेली असेल तर मजा, नाहीतर दुसऱ्या ग्लासातच कंटाळा येतो.

गिळल्यावर मनात सेकंद मोजा. फळाची चव किती टिकली? फक्त कोरडेपणा टिकला तर तो धरायचा नाही. पाचच्या आत संपली तर साधी, दहाच्या पुढे गेली तर छानच.

*इशारा:* दोन-तीन बाटल्या चाखायच्या असतील तर हलकीपासून भारीकडे, बिनपिंपाचीपासून पिंपाचीकडे जा. तानात नेहमी शेवटी. आणि थुंकायला कप ठेवाच, 14.5 टक्क्यांच्या तीन वाइन गिळत गेलात तर तिसरीबद्दलचं मत विश्वासाचं राहत नाही. नंतर गाडी चालवायची असेल तर थुंकलं तरी चालवू नका, थोडं पोटात जातंच.

नाशिकची एखादी शिराझ मिळाली तर माल्बेकच्या शेजारी ओता. दोन्ही गडद, दोन्ही भारी, पण शिराझमध्ये मिरीचा तिखटपणा शोधा आणि माल्बेकमध्ये फूल. शेजारी ठेवून चाखलं की एका बैठकीत जे कळतं ते एकेक बाटली वेगवेगळ्या दिवशी पिऊन कळत नाही.

लगेच चार ओळी लिहून ठेवा, प्रदेश, साल, तापमान, काय आवडलं. दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

टप्पा 9: आता जेवण

चाखणं झाल्यावर जेवण, आधी नाही. अर्जेंटिनात ही वाइन निखाऱ्यावर हळूहळू भाजलेल्या गोमांसासोबत, आसादोसोबत पितात, मसाला फारसा नाही, मीठ आणि चरबी भरपूर. टॅनिन एरवी लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं, मांसाची प्रथिनं आणि चरबी समोर आली की तो ताण कमी होतो, मीठही टॅनिन मऊ करतं.

आपल्याकडे चूक होते ती तिखटात. मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग एकाच वाटेने जाते, दोन्ही एकमेकांना वाढवतात, म्हणून तांबड्या रश्श्यासोबत माल्बेक म्हणजे दोन्हींचं नुकसान. मीठ-मिरी लावून भाजलेल्या मटण चॉप्स, कमी तिखटाचा खिमा, बिनमिरचीचं वांग्याचं भरीत, लोण्यात परतलेले मश्रूम, जुनं चेडर, हे उत्तम. मासे नको, भारी रेडसोबत तोंडात लोखंडी चव येते. गोडाचा पदार्थही नको, त्यानंतर तीच वाइन आंबट आणि कडवट लागते.

टप्पा 10: उरलेली बाटली

बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, उभी. रेड असली तरी फ्रीजमध्येच, ओट्यावर ठेवलीत तर आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच उतरते. फ्रीजमध्ये तीन दिवस बऱ्यापैकी टिकते. अर्धीच उरली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आत हवा जितकी कमी तितकं बरं. दुसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा आणि कालच्या नोंदी शेजारी ठेवून परत चाखा, उकोच्या तरुण वाइन तर मला बरेचदा दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतात, टॅनिन थोडं बसलेलं असतं आणि फूल परत वर आलेलं असतं.